दात बघणाऱ्या म्हाळूचा भत्ता

एका गावात एक भोळा दात बघणारा होता. भोळा हा गावातल्या म्हाताऱ्यांचा शब्द. मूर्ख म्हटलं तर वाईटपणा येतो, आणि त्याच्याच घरी चहाला जायचं असतं, म्हणून भोळा. नाव म्हाळू. त्याला जगातली एकच गोष्ट कळायची. बैलाचा ओठ वर करून दात बघितले, की बैल तरणा का म्हातारा ते तो अचूक सांगायचा. त्याच्या बापालाही तेवढंच कळायचं. बापाने मरताना त्याला दोन गोष्टी दिल्या. एक खांद्यावरचा टॉवेल, आणि दुसरं, "मोठ्यांचं ऐकावं" हे वाक्य. टॉवेल निदान घाम पुसायला उपयोगी पडला.

मोठे म्हणजे तात्या. म्हाळूचे चुलते. तात्यांनी सख्ख्या भावाशी बांधावरून वीस वर्षं दावा चालवला होता. बांध गेला, भाऊ बोलेनासा झाला, दावा तेवढा राहिला. म्हणून तात्या गावात कायद्याचे जाणकार. कोणीही काही विचारायला गेलं, की तात्या आधी घसा साफ करायचे. मग समोरच्याचं वाटोळं करायचे. चहा मात्र समोरच्याचाच.

एकदा केरबा नावाच्या शेतकऱ्याने बाजारात बैल घेतला. व्यापारी म्हणाला, चार दाती आहे, तरणाबांड. घरी आणल्यावर बैल औत बघून खाली बसला. केरबाने तालुक्याच्या कोर्टात व्यापाऱ्यावर दावा लावला. त्याचे वकील बेलसरे. ते म्हणाले, "बैल म्हातारा होता हे सांगायला तज्ज्ञ साक्षीदार पाहिजे." केरबाने म्हाळूला आणून बैलाचे दात दाखवले. दात कानशीने घासून कोवळे केलेले होते. म्हाळूला बघताक्षणी कळलं.

"साक्षीला येशील?" केरबाने विचारलं.

"येईन. पण कोर्टाची तारीख बुधवारीच पडते. बुधवारी माझा बाजार बुडतो."

"त्याचा भत्ता मिळतो रे! जाण्यायेण्याचा, जेवणाचा. तू तज्ज्ञ, तुझा जास्तच."

म्हाळूच्या बायकोने, हौसाने, चुलीपुढून मान वर केली. घर तिच्या शेळ्यांवर आणि म्हाळूच्या बुधवारच्या बाजारावर चालत होतं. ती म्हणाली, "जा. पण भत्ता आणायचा. बाजारही बुडाला आणि भत्ताही नाही, असं झालं तर मी शेळ्या घेऊन भावाकडं जाईन. सांगून ठेवते."

म्हाळू घाबरला. हौसा नसली तर भाकरी कशी होते हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. तो लगेच तात्यांकडे गेला.

तात्यांनी घसा साफ केला. "सोपं आहे. सरकारी माणूस दारात आला, की सावध राहायचं. तो काही देऊ लागला तर घ्यायचं नाही. सही कर म्हणाला तर करायची नाही. मी वीस वर्षं असाच टिकलो."

"बरं तात्या. तसंच करतो."

दोन दिवसांनी कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन आला. केरबाने कोर्टात भरलेला पहिला भत्ताही त्याने सोबत आणला होता.

"हे घ्या पैसे, आणि इथं सही करा."

"नाही घेणार. सही पण नाही करणार."

"अहो, तुमचेच पैसे आहेत!"

"माझे आहेत तर तुमच्याकडं कशाला?"

बेलिफाने डोक्याला हात लावला. कागदावर लिहिलं, साक्षीदाराने भत्ता नाकारला. समन्स दाराला चिकटवून तो गेला. पैसे कोर्टात परत गेले आणि कोर्टातून केरबाच्या खिशात. हौसाने ते दारावरचं समन्स बघितलं आणि दिवसभर नवऱ्याशी बोलली नाही. म्हाळूला वाटलं, हिचा घसा बसलाय.

तात्या म्हणाले, "अरे मूर्खा! सहीशिवाय पैसा मिळतो का? कोर्टात कोणी कागद पुढं केला, की सही ठोकायची. मागं-पुढं बघायचं नाही."

"आता तसंच करतो, तात्या."

बुधवारी म्हाळू कोर्टात गेला. व्हरांड्यात बेलसरे वकिलांच्या कारकुनाने एक कागद पुढे केला. तज्ज्ञ साक्षीदाराचा संपूर्ण भत्ता मिळाला, अशी ती पावती होती. म्हाळूने सही ठोकली. कारकून केरबाकडून पैसे घ्यायला वळला, तोवर म्हाळू पुढे निघूनही गेला होता. कारण पुढे आणखी कागद होते. एक बाई घटस्फोटाचे कागद वकिलाला दाखवत होती. म्हाळूने मधे हात घालून सही ठोकली. तिघं भाऊ वाटणीच्या कागदावर भांडत होते. म्हाळूने तिथंही ठोकली. पट्टेवाला टपालाची वही घेऊन चालला होता, त्याला थांबवून ठोकली. संध्याकाळपर्यंत म्हाळू दोन दाव्यांत वादी झाला, एकात प्रतिवादी झाला, आणि एका अनोळखी बाईपासून जवळजवळ विभक्त झाला. त्याच्या साक्षीचा पुकारा झाला तेव्हा तो कँटीनच्या उधारीवर सही करत होता. तारीख पुढे गेली. पावती केरबाच्या हातात राहिली, आणि पैसेही. केरबा काही बोलला नाही. देवाने दिलं तर बोलायचं कशाला?

"सही केली?" हौसाने विचारलं.

"भरपूर केल्या."

"आणि पैसे?"

"तात्या पैशाचं काही बोलले नव्हते."

हौसा आत गेली. तिने शेळ्यांची दावी मोजल्याचा आवाज आला.

तात्या म्हणाले, "गाढवा! आधी पैसे हातात, मग पुढचं. हातात पैसा पडेस्तोवर कोर्टात तोंड उघडायचं नाही. हात पुढं, तोंड बंद. ध्यानात धर."

म्हाळूने ध्यानात धरलं. पुढच्या बुधवारी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. जज्जसाहेबांनी विचारलं, "नाव?"

म्हाळूने ओठ घट्ट मिटले आणि हात पुढे केला.

"नाव सांगा."

म्हाळूने हात आणखी पुढे केला. शपथ देणाऱ्या कारकुनाला वाटलं, प्रसाद मागतोय. बेलसरे वकील खालून कुजबुजले, "अरे, बोल!" म्हाळूने त्यांच्यापुढेही हात केला.

"साक्षीदार मुका आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, कँटीनमध्ये बोलत होता," पट्टेवाला म्हणाला.

साहेबांनी ताकीद दिली आणि पुढची तारीख दिली. दुसरा बाजार बुडाला. तात्या ह्या खेपेला बरोबर आले होते. घरी परतताना एसटीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आमच्या पिढीत अशी माणसं नव्हती." त्यांच्या पिढीतली माणसं कशी होती ते त्यांचा बांध बघून कळतंच.

मग तात्यांनी नवा धडा दिला. "कोर्टात विचारतील तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही."

"बरं तात्या."

तिसऱ्या खेपेला म्हाळू पिंजऱ्यात ताठ उभा राहिला. नाव विचारलं, नाव सांगितलं. बेलसरे वकिलांना हायसं वाटलं.

"तुम्ही ह्या बैलाचं तोंड उघडून बघितलं?"

"हो."

"दात दिसले?"

"हो."

"त्यावरून बैलाचं वय तुम्हाला कळलं?"

"हो."

वकील थांबले. म्हाळूही थांबला. पंखा फिरत राहिला.

"मग सांगा की!"

"काय?"

"वय! बैलाचं वय किती आहे?"

"आत्ता?"

"हो, आत्ता!"

"आत्ता बैल इथं नाही. तोंड बघितल्याबिगर कसं सांगू?"

बेलसरे वकिलांना घाम फुटला. "बरं, केरबाने विकत घेतला तेव्हा तो किती वर्षांचा होता?"

"विकत घेतला तेव्हा मी तिथं नव्हतो."

कोर्टात हशा पिकला. बेलसरे खाली बसले. व्यापाऱ्याचे वकील हसत उठले. त्यांना जास्त काही करायचं उरलं नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "हे सांगायचे तुम्ही पैसे घेणार आहात ना?"

"हो."

"किती?"

आता मात्र म्हाळू अडला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. चारचौघांत मोठ्याने भाव बोलणारा दात बघणारा त्याच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. म्हाळूने खांद्यावरचा टॉवेल काढला, हातावर पसरला, आणि हात जज्जसाहेबांच्या दिशेने केला.

"घाला साहेब."

"काय घालू?"

"हात. टॉवेलखाली."

पट्टेवाला तोंड दाबून बाहेर पळाला. व्यापाऱ्याच्या वकिलाने गंमत म्हणून हात घातला. म्हाळूने तीन बोटं दाबली. वकील ओरडले, "साहेब, तीन! पण तीनशे का तीन हजार?"

म्हाळू कळवळला. "असं बोंबलायचं नसतं, वकीलसाहेब! गिऱ्हाईक जातं."

केरबा दावा हरला. बैल म्हातारा असल्याचा पुरावाच कोर्टापुढे आला नाही. बैल त्याच्या गळ्यात राहिला. साहेबांनी मात्र हुकूम केला, की साक्षीदार तीन वेळा आला आहे, वादीने त्याचा भत्ता तीन हजार रुपये द्यावा.

तात्यांनी व्हरांड्यातच कपाळ बडवलं. "अरे, बैल म्हातारा आहे हे सांगायला काय झालं होतं? खरं ते न विचारता सांगून टाकायचं असतं!"

"न विचारता?"

"न विचारता!"

दुसऱ्या दिवशी म्हाळू भत्ता वसूल करायला केरबाच्या दारात गेला. हौसाने जाताना बजावलं होतं, "आज शेवटचं. गाठोडं बांधून ठेवलंय मी." केरबा चरफडत होता, शिव्या घालत होता, पण कोर्टाचा हुकूम होता. त्याने पैसे आणले आणि ओट्यावर बसून मोजू लागला. हजार झाले. दीड हजार झाले. म्हाळू बघत होता. कोणी काही विचारत नव्हतं. म्हणजे हीच वेळ.

"केरबा, एक खरं सांगू?"

"सांग."

"मी तुला पावती लिहून दिलीय बघ. सगळा भत्ता मिळाला म्हणून. सहीसकट."

केरबाचा अंगठा नोटेवर थांबला. "खरंच की रे! मी विसरलोच होतो." त्याने नोटा परत खिशात घातल्या, घरातून पावती आणली आणि म्हाळूला वाचून दाखवली. म्हाळूनेही मान हलवली. सही त्याचीच होती.

तात्या म्हणाले, "तुला जन्माला घालताना तुझ्या बापाने कोणाला विचारलं होतं रे? खरं असं दारोदार सांगत हिंडतात? खरं सांगायचं ते कोर्टाच्या माणसासमोर, चारचौघांत, मोठ्यानं!"

"बरं तात्या."

तात्यांनी त्याला परत कोर्टात नेलं. केरबाने पावती दाखवली. साहेबांनी कारकुनाला विचारलं, ही सही कधीची? कारकून म्हणाला, "साहेब, त्या दिवशी ह्या माणसाची सही घटस्फोटाच्या कागदावर सापडली, वाटणीच्या दाव्यात सापडली, आपल्या टपालवहीतही आहे." साहेबांनी पावती बाजूला सारली. अशा माणसाच्या सहीला कोणतं कोर्ट मान देईल? आठ दिवसांत केरबाने पैसे भरावेत, नाहीतर त्याचा बैल जप्त करून लिलावात विकावा आणि साक्षीदाराचा भत्ता त्यातून द्यावा, असा हुकूम झाला.

केरबा म्हणाला, "न्या तो बैल. माझी पीडा जाईल."

बैल जप्त झाला. हौसाने गाठोडं सोडलं नाही, पण दारातून आत घेतलं. एवढी आशा तिला पुरली.

लिलावाच्या आदल्या दिवशी तात्यांनी म्हाळूला जवळ बसवलं. आपण किती धूर्त आहोत हे त्यांच्या मिशीतून ओघळत होतं. "बैलाला भाव आला नाही तर तुझे तीन हजार निघायचे नाहीत. म्हणून तू पण बोली लाव. भाव चढव. कोणाचाही आवाज वर जाऊ द्यायचा नाही. शेवटचा आवाज आपला. पैशाची काळजी करू नको, मी आहे."

"कोणाचाही?"

"अरे, कोणाचाही! खुद्द कलेक्टर आला तरी."

लिलावाला कोर्टाच्या आवारात बरीच गिऱ्हाईकं जमली. चार-पाच शेतकरी, दोन व्यापारी. तात्या फेटा बांधून पुढे उभे. नाझर टेबलाशी बसला होता. तोच कोर्टातल्या पैशांचा हिशेब ठेवायचा. तात्यांनी त्याला मुद्दाम ऐकवलं, "पुतण्याच्या बोलीला मी जामीन आहे, काय?" नाझराने लिहून घेतलं.

बेलिफाने बैल पुढे आणला. म्हाळूने आजूबाजूला बघितलं. कोर्टाचा माणूस होता. चारचौघं होते. त्याने पुढे होऊन बैलाचा ओठ वर केला आणि मोठ्याने ओरडला, "ऐका हो! बैल म्हातारा आहे! दात कानशीने घासलेत! ही बघा रेघ! औताला लावला तर खाली बसेल, आणि बसला की उठायचा नाही!"

जी साक्ष कोर्टात द्यायची होती ती म्हाळूने लिलावात दिली. आणि अशी दिली, की खुद्द बेलसरे वकिलांनी खिडकीतून टाळी वाजवली. केरबाला रडू आलं. व्यापारी चहाला गेले. शेतकरी बिडी पेटवून बाजूला बसले.

बेलिफ म्हणाला, "सरकारी बोली, दोन हजार!"

कोणीच पुढे येईना. आणि कानावर पडलेला शेवटचा आवाज होता बेलिफाचा.

"अडीच हजार!" म्हाळू ओरडला.

"अडीच हजार, एक वार!"

पुन्हा बेलिफाचाच आवाज. कोणाचाही वर जाऊ द्यायचा नव्हता.

"तीन हजार!"

"अहो, अडीचची बोली तुमचीच आहे."

"तीन!"

"बरं. तीन हजार, एक वार! तीन हजार, दोन वार!"

"चार!"

बेलिफाने नाझराकडे बघितलं. नाझर म्हणाला, "नियमाप्रमाणे तीनदा पुकारल्याशिवाय लिलाव सुटत नाही. पुकार." बेलिफ पुकारत राहिला. म्हाळू चढत राहिला. सहा झाले, आठ झाले. केरबाने डोळे पुसले आणि बिडीवाल्या शेतकऱ्यांना खुणावलं, "कोणी बोलू नका रे, रंगात आलाय तो." तात्या मागून टॉवेल ओढत होते. "म्हाळ्या, गप! गप बस!" पण तात्यांचाही आवाज वर जात होता, आणि कोणाचाही म्हणजे कोणाचाही. म्हाळूने एका दमात बारा केले.

शेवटी बेलिफाचा घसा बसला. एकोणीस हजारांच्या तिसऱ्या वाराला आवाजच फुटेना. त्याने नुसतं बोट वर केलं. बोटाला आवाज नसतो. लिलाव सुटला.

म्हाळूचा चेहरा उजळला. शेवटचा आवाज त्याचाच होता.

नाझराने हिशेब केला. "एकोणीस हजार. त्यातले तीन हजार तुमचा भत्ता, तो वळता करून घेतला. उरलेले सोळा हजार भरा. ते केरबाला मिळतील."

म्हाळूने वळून बघितलं. तात्या फाटकापर्यंत पोचले होते. पण नाझराकडे त्यांचा जामीन लिहिलेला होता, आणि व्यापारी चहाहून परत आले होते. चारचौघांत नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. तात्यांनी फेट्याच्या घडीतले पैसे काढले. स्वतःच्या बांधाच्या दाव्यात मोजणीवाल्या साक्षीदाराला द्यायचे म्हणून ते बांधलेले होते. पुरले नाहीत. मग बोटातली अंगठी गेली. तिकडे त्यांचा मोजणीवाला साक्षीदार भत्ता नाही म्हणून साक्ष न देता निघून गेला. कायद्याचा जाणकार माणूस. वीस वर्षांचा अनुभव.

म्हाळू बैल घेऊन घरी आला. बैल वाटेत दोनदा बसला. हौसा दारातच उभी होती.

"भत्ता मिळाला?"

"मिळाला."

"कुठाय?"

"वळता झाला."

"म्हणजे?"

म्हाळूने दावं पुढे केलं. "म्हणजे हा."

हौसाने बैलाकडे बघितलं. दातही बघितले नाहीत. पोट आणि डोळे बघूनच तिला कळलं. तिने आतून गाठोडं आणलं आणि उंबऱ्यावर आपटलं. "मी चालले भावाकडं. महिनाभर यायची नाही."

म्हाळू दचकला. तिचा आवाज वर गेला होता.

"मी चाललो तात्यांकडं!" तो ओरडला. "दोन महिने यायचा नाही!"

हौसा थबकली. "काय म्हणालास? मी वर्षभर यायची नाही!"

"मी दोन वर्षं!"

हौसाने त्याच्याकडे बघितलं. शेळ्यांकडे बघितलं. वाळत घातलेल्या तिच्या लुगड्याकडे, तिने सारवलेल्या ओट्याकडे बघितलं. मग गाठोडं उचलून सावकाश आत ठेवलं आणि म्हणाली, "मी जन्मात परत यायची नाही."

"मीच जन्मात परत यायचा नाही!"

"एक वार," हौसा म्हणाली. आवाज अगदी हळू, कुजबुजल्यासारखा. "दोन वार." आणि तिसऱ्या वाराला काहीच न बोलता तिने दार लावून घेतलं. आतून कडी घातली.

म्हाळू दावं धरून तात्यांच्या घरी गेला. तात्या अंधारात कपाळाला पट्टी बांधून पडले होते. त्याने बैल त्यांच्या ओसरीच्या खांबाला बांधला, टॉवेल झटकून त्यांच्या शेजारी अंथरला, आणि पाय पसरत म्हणाला, "जिंकलो, तात्या! दोन्ही जिंकलो."

बैल खाली बसला.